जीबी स्वस्त, रिचार्ज महाग

भारतात डेटा किती स्वस्त आहे हे कोणी परत ऐकवलं की मला खरंच राग येतो. जीबीमागे किती पडतात ते बघितलं तर स्वस्तच आहे, पण रिचार्जवाल्याकडे जाऊन कोणी सुटा एक जीबी मागतं का, पूर्ण पॅकच मारावा लागतो ना. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, सुरुवातीचे कितीतरी महिने फुकट, गावागावात लोकांना नेटची सवय लागली. मग डिसेंबर 2019 ला दर वाढले, नोव्हेंबर 2021 ला वाढले, जुलै 2024 ला परत. जिओचा रोज दीड जीबीवाला 239 चा पॅक 299 झाला.

आता हिशोब करा. पॅक 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला 12 नाही तर 13 रिचार्ज, झाले 3887 रुपये. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये, म्हणजे जवळजवळ साडेबारा दिवस उन्हात राबायचं ते फक्त एका नंबरसाठी आणि घरात दोन-तीन नंबर असतातच. मग घरातला पैसा आधी पुरुषाच्या फोनवर जातो आणि बाईचं सिम बंद पडतं, हे मी कितीतरी घरांत बघतोय.

बरं नेट आता चैन राहिलंय का? ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात काय पेरलंय त्याची नोंद, ॲपवर, रोजगार हमीची हजेरी ॲपवर फोटो काढून, लाडकी बहीणच्या केवायसीला ओटीपी. सरकारनेच सगळं फोनमध्ये नेऊन ठेवलं आणि त्याच फोनवर 18 टक्के जीएसटी लावला, एप्रिल 2020 च्या आधी तो 12 होता. रिचार्जवर पण 18, म्हणजे त्या 3887 मधले 590 च्या वर रुपये नुसता टॅक्स. सप्टेंबर 2025 मध्ये एसी आणि मोठ्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 वर आणला, मोबाईलला मात्र हात लावला नाही.

मोबाईल कंपन्यांवर नियम लावणाऱ्या ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना नुसत्या कॉल-मेसेजचे पॅक द्यायला लावले ते चांगलंच केलं, वयस्कर माणसांचे पैसे वाचतात, पण त्यात नेट नाही, त्यामुळे शेतकऱ्याची पीक पाहणी काय त्यावर होणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की 10 हजारांच्या आतल्या फोनवर जीएसटी 5 टक्के करा आणि डेटा संपला तरी सरकारी ॲप चालू राहतील अशी सोय कंपन्यांकडून करून घ्या. तुमच्या घरात नेटचा रिचार्ज कोणाकोणाच्या नंबरवर आहे आणि कोणाचा बंद केलाय, कमेंटमध्ये खरं खरं लिहा.