होळीपर्यंतचे पाणी

आज दुपारी भाच्याचा फोन आला. "मावशी, तुझ्या त्या किल्ल्यावर मे महिन्यातही प्यायचं पाणी मिळतं म्हणे. मग बाटल्या कमीच घेतो." हे कोणी सांगितले, असे विचारले, तर फोनमधल्या एआयने. ते उत्तर त्याने मला पाठवले आणि माझे डोके फिरले, कारण उत्तरेकडच्या खांबटाक्यातील (कातळात खांब ठेवून कोरलेल्या टाक्यातील) पाणी गार व किंचित तुरट असते, हे त्यातील वाक्य माझ्या ब्लॉगवरचे होते. नाव नाही, दुवा नाही. त्यापुढचे वाक्य, म्हणजे होळीनंतर खालच्या वाडीतील माणसेसुद्धा ते पाणी पीत नाहीत, हे मात्र सफाईने गाळलेले होते. किल्ल्याचे नाव येथे मुद्दामच लिहीत नाही. नाहीतर ही पोस्टही कोणाच्या तरी उत्तरात शिजायची.

त्यामुळे निदान आज तरी मला कोणी "काळाबरोबर बदला" असे सांगू नये. हे सांगणाऱ्यांच्या मते बदलणे म्हणजे यंत्राकडून दिवसाला दहा लेख लिहून घेणे. एकही पायरी न चढता किल्ल्यावर लिहिलेला लेख तुम्हाला नको असतो आणि मलाही नको असतो, यावर आपल्यात वाद नाही. आमचे लेखन विनानाव पूर्वीही फिरत होतेच, हे मान्य. पण व्हॉट्सॲपवर ढकलणारा निदान संपूर्ण मजकूर, होळीसकट, ढकलत असे.

खरी भीती वेगळीच आहे. रायगड किंवा प्रतापगड यांच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की यंत्राने एका ठिकाणी चूक वाचली तरी दहा ठिकाणी बरोबर वाचलेले असते. आडबाजूच्या किल्ल्यावर मात्र मराठीत जेमतेम दोन-तीन नोंदी असतात, आणि त्यांतील एका नोंदीचे अर्धे वाक्य हेच जगाचे एकूण ज्ञान ठरते. पाण्याच्या बाबतीत ते अर्धे वाक्य जिवावर बेतू शकते.

मग आमच्यासारख्यांनी काय करावे? साल्हेरची उंची १५६७ मीटर आहे, किंवा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला, हे सांगणारे लेख लिहिणे सोडून द्यावे. ते यंत्र चांगले सांगते, आणि ज्याला तेवढेच हवे आहे त्याने माझ्या एसटी प्रवासाचे तीन परिच्छेद का वाचावेत? आपण जाऊन पाहिलेलेच लिहावे, आणि त्यावर तारीख घालावी. टाके कोणत्या महिन्यात आटते, कोणत्या पावसाळ्यात वाट खचली, वाडीत मुक्कामाला कोणाला विचारावे. शिवाय अट आणि माहिती एकाच वाक्यात बांधून टाकावी. "होळीनंतर या टाक्याचे पाणी पिऊ नये" असे लिहिले की त्यातून होळी काढणे यंत्रालाही जरा अवघड जाईल. आधी लिहिले ते चूक नव्हते. शहाण्या वाचकासाठी लिहिले होते, इतकेच.

तांत्रिक बंदोबस्तही करून पाहावा, पण त्यावर विसंबू नये. रोबोट्स.टीएक्सटी, म्हणजे पाने वाचत फिरणाऱ्या यंत्रांना काय वाचू नये हे सांगणारी संकेतस्थळावरची फाइल, ही १९९४ पासूनची पद्धत म्हणजे "चपला बाहेर काढाव्यात" अशी पाटी आहे, मानणारा मानतो. २०२३ मध्ये ओपनएआयने जीपीटीबॉट या आपल्या मजकूर गोळा करणाऱ्या यंत्राला आणि गूगलने एआयच्या प्रशिक्षणासाठीच्या वापराला नकार देण्याची सोय दिली, पण गूगलचा तो नकार शोधाच्या पानावरील एआय सारांशाला लागू होत नाही. संकेतस्थळांना सुरक्षा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने जुलै २०२५ पासून नव्या संकेतस्थळांसाठी एआयचे बॉट आपण होऊन अडवायला सुरुवात केली, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, म्हणून हेही सांगते की उतरणीवर धापा टाकत फोनमध्ये बोलून ठेवलेल्या नोंदी मी याच यंत्रांकडून टंकून घेते. गुडघे दुखत असताना रात्री दोन तास टंकत बसण्यात काही पुण्य नाही. मात्र टंकून झाल्यावर प्रत्येक ओळ मी स्वतः वाचते, कारण भाचा कोणत्या ओळीवर विश्वास ठेवून बाटल्या कमी करील ते सांगता येत नाही.

शोधयंत्रातून येणारा वाचक आता कमीच होणार, असे मी धरून चालले आहे. २०१३ च्या जुलैमध्ये गूगल रीडर, म्हणजे आवडत्या ब्लॉगांचे नवे लेख एकाच ठिकाणी दाखवणारी सेवा, बंद झाले तेव्हा अनेकांचे नेहमीचे वाचक असेच एका रात्रीत पांगले होते. म्हणून यापुढे पाण्याची आणि वाटांची ताजी माहिती मी आधी ई-मेलने पाठवीन आणि मगच ब्लॉगवर टाकीन. ज्यांना हवी असेल त्यांनी मेसेंजरमध्ये पत्ता कळवावा, आणि आपण शेवटचे कोणत्या किल्ल्यावर, कोणत्या महिन्यात गेला होता व तेथे पाणी होते का, हेही लिहावे. पहिल्या पत्राची सुरुवात मी त्याच उत्तरांनी करणार आहे, तुमच्या नावासकट.