नसबंदी एक, ऑपरेशनं दोन

पंधरा दिवसांत आर्वी तालुक्यातल्या तीन गावांत लोकांनी मला एकच व्हॉट्सॲप मेसेज दाखवला. शेवटचा पानठेल्यावर: "डॉक्टरसाहेब, हे खरं हाय का?" मेसेज म्हणतो, कुत्र्याचा आणि माणसाचा प्रोस्टेटचा (मूत्राशयाखालच्या नरांच्या ग्रंथीचा) कॅन्सर जनुकांसकट एकच, नसबंदी केलेल्या कुत्र्याला तो होत नाही, म्हणून पुरुषांनीही नसबंदी करावी, पीएसएची (रक्तातलं प्रोस्टेटचं एक प्रथिन मोजायची) तपासणी दोघांनाही चालते, आणि कुत्र्याचा कॅन्सर घरातल्या म्हाताऱ्यांना लागतो.

मी ढोरांचा डॉक्टर, माणसांच्या औषधपाण्यात पडत नाही. पण इथं कुत्र्याच्याच नावावर वाट्टेल ते खपवलंय.

खरं तेवढं आधी मान्य करतो. माणसाखेरीज हा कॅन्सर आपसूक होताना दिसतो तो मुख्यतः कुत्र्यात, तोही क्वचित. हाडांत पसरायची खोड दोघांत सारखी.

जनुकांचं मात्र जमत नाही. माणसाच्या अनेक गाठींत टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी ही दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडली गेलेली असतात. त्यातलं पहिलं पुरुषी हार्मोनच्या इशाऱ्यावर चालतं, त्यामुळे दुसरंही त्याच इशाऱ्यावर धावू लागतं. कुत्र्यांत ही जोडणी आढळलेली नाही. त्यांच्या बहुसंख्य गाठींत बिघाड असतो तो बीआरएएफ जनुकात: त्याच्या प्रथिनात ५९५ व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येतं. माणसात हाच बदल ६०० व्या जागी होतो, पण तो मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरात नेहमीचा; प्रोस्टेटमध्ये विरळा.

आता नसबंदी. सगळा घोळ या शब्दाचा आहे. माणसाच्या नसबंदीत फक्त वीर्यनलिका बांधतात. अंडकोष जागेवर, हार्मोन चालूच. त्यानं प्रोस्टेट कॅन्सर टळत नाही. कुत्र्याची 'नसबंदी' म्हणजे अंडकोषच काढणं. गोऱ्ह्याला खच्ची करतो त्याच्या जवळचं. हार्मोन बंद केल्यानं माणसाचा पसरलेला कॅन्सर आटोक्यात येतो हे डॉक्टर चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं, १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण तो झालेल्या रोगावरचा इलाज. आणि कुत्र्यात तोही लागू पडत नाही, कारण त्याच्या गाठीला बहुधा त्या हार्मोनची गरजच नसते. उलट, खच्ची केलेल्या कुत्र्यांतच हा कॅन्सर जास्त आढळलाय. पण एवढ्यावरून कुत्र्याची नसबंदी टाळू नका बाप्पा! वयानुसार होणारी प्रोस्टेटची साधी वाढ तिनं टळते, आणि तीच कितीतरी जास्त कुत्र्यांना होते. फक्त खच्ची केलेला म्हातारा कुत्रा कुंथायला लागला, लघवीतून रक्त जाऊ लागलं, मागचे पाय ओढू लागला, तर "याची नसबंदी झालीय" म्हणून घरी ठेवू नका. अशा कुत्र्याचं प्रोस्टेट मोठं लागलं की मला जास्तच धास्ती वाटते.

पीएसएचं उत्तर एका ओळीत: ते प्रथिन बनवणारं जनुक कुत्र्याकडे नाहीच, मग रक्तात सापडणार काय?

राहिली लागण. भादव्यानंतर गावच्या कुत्र्यांच्या इंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ दिसते, तिच्यावरून ही भीती उठली असावी. तो कॅन्सर खरंच लागतो, पण कुत्र्याकडून कुत्र्याला, संगातून. हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या पेशी अजून अशाच फिरतायत. ती गाठ प्रोस्टेटची नव्हे, माणसाला लागत नाही, आणि व्हिनक्रिस्टिन या कॅन्सरच्या औषधाच्या काही इंजेक्शनांत बहुतेकदा जिरते.