किती दिवस उभी होती?

सोमवारी नवीन पिकअप बुक केली. अकरा हजार भरले, पावती चार घड्या करून खिशात घातली आणि शोरूमसमोरच्या टपरीवर चहा घेतला. सोयरीक पक्की करून आल्यासारखं वाटत होतं. आनंदही, आणि आता मागं फिरता येत नाही ही धास्तीही.

कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. लिहिलं की खाली दोन पार्ट्या पडतात आणि माझं म्हणणं राहून जातं बाजूला. घ्यायची की नाही, याच्यात माझे आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांबद्दल लिहायचं आहे.

आमचा वरूड तालुका. वरूड-मोर्शीला लोक संत्र्यामुळं विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं आमची पांदण, म्हणजे शेतातली वाट, पावसाळ्यात पाहिली नसावी. पाच एकर संत्रा आहे, थोडी पऱ्हाटी (कपाशी) आहे, आणि बाकी पोट पिकअपवर. आपला माल असतो, गावातल्या आठ-दहा जणांचा असतो. जलालखेडा, काटोल करत रात्री नागपूर गाठायचं, पहाटे कळमन्याच्या बाजारात गाडी लावायची, दुपारपर्यंत घरी. येऊन-जाऊन दोनशे किलोमीटर.

जुनी गाडी २०१४ची, बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली. तिनं खूप दिलं. घराचा स्लॅब तिच्या भाड्यावर पडला आहे. पण गेल्या मृग बहाराच्या (फेब्रुवारीनंतर तोडणीला येणारं संत्रं) शेवटी शेवटी जलालखेड्याच्या अलीकडं रात्री पावणेबाराला गिअरबॉक्सनं हात वर केले. मागं संत्र्याचे ९० कॅरेट. फोनाफोनी करून दुसरी गाडी आली तेव्हा तीन वाजले होते. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर ९० कॅरेट या हौद्यातून त्या हौद्यात टाकले, मी, ड्रायव्हर आणि रस्त्यानं जाणारा एक दूधवाला. तो कोण होता मला आजही माहीत नाही. कळमन्यात पोचलो तर चांगल्या मालाचा लिलाव उरकला होता. माल ज्याचा होता तो शेजारी मला एक शब्द बोलला नाही. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी ठरवलं, नवीन घ्यायची. आणि त्या दिवसापासून भीती सुरू झाली.

आधी पैशाची. २०१४ला ही गाडी मला ऑनरोड पावणेसहा लाखांत पडली होती. आता दोन टनवाली घरी आणेपर्यंत १० लाख ९० हजार. चौकात बोलताना "गाड्या किती महाग झाल्या बावा" हे वाक्य मी शंभरदा म्हटलं असेल. मग एका रात्री झोप येईना म्हणून हिशेब मांडला. २०१४-१५ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,०५० होता. २०२५-२६ला ८,११०. म्हणजे तेव्हा गाडीला १४२ क्विंटल कापूस लागायचा, आज १३४. कापसात मोजली तर गाडी आठ क्विंटलनं स्वस्त झाली आहे!

हे मी दुसऱ्या दिवशी मोठ्या तोऱ्यात बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हमीभावानं कापूस गेला कवा तुमचा?" विषय संपला. आणि संत्र्याला तर हमीभावच नाही. बांगलादेशानं २०२३ मध्ये संत्र्यावरचं आयात शुल्क किलोमागं ८८ रुपयांवर नेलं आणि इथल्या बागेत व्यापारी यायचे थांबले. आपल्या गाडीचा हप्ता ढाक्यातल्या कागदावर ठरतो, हे कर्ज देणाऱ्याला सांगून काही उपयोग नसतो.

एक काम बरं झालं. ऑगस्टमध्ये मी बुक करायला निघालोच होतो, तेवढ्यात जीएसटी कमी होणार असं कानावर आलं. थांबलो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. करापूर्वी ८ लाखांची गाडी घेतली तर आधी १० लाख २४ हजार व्हायची, आता ९ लाख ४४ हजार. ८० हजारांचा फरक, आणि हा कागदावर दिसणारा खरा फरक आहे. पण ऑगस्टमध्ये जो सेल्समन "तुमच्यासाठी ४० हजार सोडतो भाऊ" म्हणत होता, तोच ऑक्टोबरमध्ये दहा हजारांवर आला. "आता सरकारनंच सोडले ना!" असं तोंड वर करून म्हणतो. त्यावर सीट कव्हर, मॅट, मड फ्लॅप यांचं १८ हजारांचं पॅकेट, घ्यावंच लागेल म्हणे. मी म्हटलं, घ्यावंच लागेल असं लेखी द्या. लेखी म्हटल्यावर पॅकेट गायब झालं. विमाही त्यांच्याकडूनच काढायची सक्ती होती. तिथंही बाहेरून कोटेशन आणून टेबलावर ठेवलं, मग जुळलं. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ला सरकारनं १६,०४९ ठरवला होता, एवढा एक आकडा पाठ असला तरी समोरच्याला कळतं की हा माणूस कागद वाचून आला आहे.

आता हप्ता. ८ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के. चार वर्षांना महिन्याला साडेवीस हजार, पाच वर्षांना सतरा हजार दोनशे. फायनान्सवाला पाच वर्षांचंच गाणं गातो. हप्ता हलका दिसतो, पण व्याजात जवळजवळ ४८ हजार जास्त जातात. मी चार वर्षं धरली. चूक केली की काय ते कळेलच.

खरा धक्का मात्र बायकोच्या वहीनं दिला. आमच्या घरी डिझेलचा, भाड्याचा हिशेब तीच लिहिते. मी हप्त्याचं सांगत होतो तेव्हा ती वही उलटत होती. मग म्हणाली, "मागच्या वर्षी गाडी १३१ दिवस चालली."

मी म्हटलं, शक्यच नाही. आपण तर रोजच फिरतो. मोजलं. १३१ दिवसच. आंबिया (हिवाळ्यातली संत्र्याची तोडणी), मग मृग, मध्ये कापूस, सोयाबीनच्या काही खेपा, लग्नसराईत मंडपाचं सामान. बाकी दिवस गाडी निंबाखाली उभी. हप्ता मात्र निंबाखाली उभा राहत नाही.

मग तिनंच भागाकार केला. वर्षाचा हप्ता २ लाख ४६ हजार, विमा धरून २ लाख ८४ हजार. भागिले १३१. चालण्याच्या प्रत्येक दिवसाला २,१६८ रुपये गाडीनं आधी स्वतःसाठी कमवायचे. एका खेपेचं भाडं सरासरी ४,३००. डिझेल दीड हजारांचं. टायर, ग्रीस, मोडतोड, ड्रायव्हरचं जेवण धरून आणखी पाचशे. हातात उरतात २,३००. म्हणजे दिवसाला सव्वाशे-दीडशे रुपये आपले. ड्रायव्हरचा पगार अजून धरलेलाच नाही. स्टिअरिंगवर मीच बसलो तर जमतं.

मग घेतली कशाला, असं विचाराल. जुनी ठेवली तर आपला माल दुसऱ्याच्या गाडीत घालावा लागतो, आणि हंगामात दुसऱ्याची गाडी आपल्या वेळेवर येत नाही. संत्रं झाडावरून उतरलं की ते वाट पाहत नाही. शिवाय चार वर्षांनंतर गाडी माझी आहे. तोपर्यंत ती उभी राहता कामा नये, एवढंच.

आणि इथं दुसरी भीती. ही पैशाच्या भीतीपेक्षा मोठी आहे.

माझ्या साडभाऊनं दोन वर्षांपूर्वी बीएस-६ पिकअप घेतली. गेल्या मृग बहारात ऐन तोडणीत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडीनं ताकद सोडली. तिसाच्या वर पळेना. आमच्या गावच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, बघितलं आणि बंद केलं. म्हणाला, "पह्यले पान्यानं गाडी खुले, आता लॅपटॉपनं खुलते." सर्व्हिस सेंटरला नेली. एक सेन्सर. सेन्सर पुण्याहून येणार. अकरा दिवस! त्या अकरा दिवसांत त्यानं भाड्याची गाडी लावून माल पाठवला आणि आपल्या उभ्या गाडीचा हप्ताही भरला.

दोष एकट्या कंपनीचा नाही, हे मला नंतर कळलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. धुरातली काजळी आता डीपीएफ नावाच्या जाळीत अडकवतात. गाडी थोडा वेळ सलग वेगात पळाली की ती काजळी आतल्या आत जळून जाते. पण नागपूरची खेप सोडली तर आमचं चालणं कसं? बागेतून पांदणीनं गावात, गावातून चौकात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत. इंजिन तापतच नाही, जाळी चोंदत जाते, दिवा लागतो. दिवा लागला तरी माणूस म्हणतो पाहू उद्या, कारण आज माल आहे. वर डिझेल कॅनमधून, टाकीतून, कुठून कुठून. नवीन इंजेक्टरला पाण्याचा थेंब आणि कचऱ्याचा कण चालत नाही. जुना पंप सगळं गिळून घ्यायचा. काही गाड्यांना तर धूर साफ करायला युरियाचं पाणीही लागतं. इथं पिकाला युरिया आणायला रांगेत उभा राहणारा माणूस गाडीच्या युरियासाठी वेगळी रांग लावेल का, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. धूर कमी व्हायला पाहिजे याच्याशी भांडण नाही. पण ज्यानं ही गाडी विकली त्यानं किल्ली देताना "आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग पळवा" एवढं एक वाक्य साडभाऊला सांगितलं नव्हतं. किल्ली देताना हार घातला, पेढा दिला, फोटो काढला. वाक्य नाही.

म्हणून यावेळी मी शोरूमच्या आधी वरूडच्या गाडीअड्ड्यावर गेलो. सलग चार पहाटा. आधी मीही सगळ्यांसारखंच विचारायचो, "अ‍ॅव्हरेज काय देते?" त्याला प्रत्येक जण खोटं बोलतो, मीही बोलतो. मग प्रश्न बदलला. "गेल्या वर्षी किती दिवस उभी होती?" हे विचारलं की माणूस आधी गप्प होतो, मग खरं बोलतो. कुणी म्हणालं तीन दिवस, क्लचप्लेट. कुणी म्हणालं एकवीस, आणि पुढचा अर्धा तास मला सोडलं नाही. कॅटलॉगमध्ये हा रकाना नसतो.

दुसरी जागा, स्पेअर पार्टचं दुकान. दुकानदाराला म्हटलं, विकायला काय चांगलं ते सांगू नका, शेल्फवर कोणत्या गाडीचा काय माल ठेवता ते दाखवा. एका गाडीचे फिल्टर, क्लच, व्हील बेअरिंग, पाटे, सेन्सर दोन-तीन, सगळं हाताशी. दुसऱ्या एका गाडीचं म्हणाला, "ऑर्डर टाकू, दोन दिवसांत येते." तिसऱ्याचं नावच काढलं नाही. माझी निवड तिथं, त्या धुळकट शेल्फसमोर झाली. शोरूममध्ये फक्त रंग निवडला.

कागदावर पर्याय तसे भरपूर. टाटा योद्धा २.० आणि बोलेरो मॅक्स पिकअपची वरची एचडी दोन टनांच्या, इंट्रा व्ही५० दीड टनाची, लेलँडची बडा दोस्त २०२० पासून आहे. सीएनजी मी पाहिलीच नाही, रांगेत उभं राहणं माझ्याच्यानं होत नाही. सव्वा टन, दीड, पावणेदोन, दोन, याच्यात मात्र महिनाभर अडकलो होतो. कॅरेटमध्ये २० किलो फळ, रिकामं कॅरेट पावणेदोन किलो. दोन टनांत कायद्यानं बसतात ९१ कॅरेट, पावणेदोन टनांत ८०. जुन्या सव्वा टनात ५७ बसायला पाहिजेत. आम्ही ९० भरत होतो आणि गिअरबॉक्सला शिव्या देत होतो! हे लिहिताना मलाच लाज वाटते, पण लिहितो. त्या रात्री जलालखेड्याजवळ गाडीनं दगा दिला असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. दगा कुणी दिला ते आकड्यांत दिसतं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २० हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पकडलो गेलो नाही हे नशीब.

दोन टनवालीचा एक तोटा आहे. एकूण वजन ३,००० किलोच्या वर गेलं की परमिट लागतं. एक कागद वाढला. लायसनचं मात्र एक बरं झालं, पोराकडं साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) आहे आणि सुप्रीम कोर्टानं ६ नोव्हेंबर २०२४ला सांगितलं की साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी त्यावर चालते. म्हणजे अपघातात विमावाला लायसनवर बोट ठेवून सुटणार नाही. पोराला चालवू देणार का, तो वेगळा विषय. सध्या घरात त्यावर तह झालेला नाही.

मोठा स्क्रीन, कॅमेरा, मोबाइलवर गाडी दाखवणारं ते सगळं असलेलं मॉडेल नाही घेतलं, खालचं साधं घेतलं. सेल्समनला वाईट वाटलं. एसी मात्र घेतला. बायको म्हणाली, १३१ दिवस तुम्हीच बसणार आहात तिच्यात.

डिलिव्हरी तीन आठवड्यांनी, मृगाची तोडणी लागायच्या आत. जुनीला अजून गिऱ्हाईक नाही. एक जण ७० हजार म्हणाला, मी त्याला चहाही पाजला नाही. मिस्त्री म्हणतो तो डिलिव्हरीला येणार. मी म्हटलं, तुले त्याच्यातलं काय समजन बे, लॅपटॉपची गाडी आहे ते. तर म्हणतो, "बॉनट तं उघडून पाहू दे. आईल कुठून टाकाचं, एवढं तं दिसन."