खुलासा : जुन्या साउंड ब्लास्टरचा आवाज नव्या संगणकावर

यवतमाळ जिल्ह्यातील आम्हा शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे : संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये ‘सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१’ ही ओळ लिहिली, की डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीचे जुने शैक्षणिक कार्यक्रम कोणत्याही नव्या संगणकावर आवाजासह चालतात. मागच्या आठवड्यात मीही तो न तपासता पुढे पाठवला, याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

साउंड ब्लास्टर हे आवाज काढणारे जुने कार्ड आहे; ही ओळ ते कार्ड निर्माण करत नाही. कार्ड कोणत्या पोर्टवर (पत्त्यावर), कोणत्या आयआरक्यूवर (प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या संकेताचा क्रमांक) आणि कोणत्या डीएमए वाहिनीवर (स्मृतीतून थेट माहिती नेणारा मार्ग) आहे, एवढेच ती कार्यक्रमाला सांगते. नव्या मदरबोर्डवरील हाय डेफिनिशन ऑडिओ ही आवाजाची यंत्रणा त्या पत्त्यांवर उत्तरच देत नाही, त्यामुळे कार्यक्रम मुका राहतो. शिवाय ६४-बिट विंडोज १६-बिट डॉस कार्यक्रम मुळात चालवतच नाही.

शाळेच्या संगणकावर मी स्वतः दोन्ही करून पाहिले. ओळ लिहून काहीच झाले नाही. डॉसबॉक्स या जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र तोच पाढ्यांचा कार्यक्रम बोलू लागला, कारण तिथे साउंड ब्लास्टर १६ हे कार्डच सॉफ्टवेअरने उभे केलेले असते. आयआरक्यू तिथे मुळात ७ असतो, म्हणून कार्यक्रमाच्या सेटअपमध्येही ७ निवडावा. ज्यांना विंडोजविना खरे डॉसच हवे, त्यांच्यासाठी एसबीईएमयू हे डॉसमध्ये साउंड ब्लास्टरची नक्कल करणारे सॉफ्टवेअर आहे. परंतु ज्या यंत्रात जुन्या बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) सोय नाही, त्यावर डॉस सुरूच होत नाही.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा कळवावा.