आठ दिवसांत म्हातारपण शिकवता येत नाही

नर्सिंगच्या मुलींना मी अकरा वर्षं शिकवतेय. आज मनातलं लिहितेच.

जेरियाट्रिक नर्सिंग, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा, अभ्यासक्रमात आहे. पण वृद्धाश्रमातली पोस्टिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सराव, मी पाहिलीय ती अशी: कॉलेजची बस येते, मुली सगळ्यांचं बीपी घेतात, फळवाटप, ग्रुप फोटो, प्रोसिजर बुकात (केलेल्या कामांच्या नोंदवहीत) सही. झालं.

दोन वर्षांपूर्वी हट्टानं पाच जणींना महिनाभर एकाच वृद्धाश्रमात ठेवलं. प्रत्येकीकडे दोनच माणसं, रोज तीच. तिसऱ्या आठवड्यात एकजण धावत आली. "मॅडम, आजींनी आज कवळी मागितली नाही." ताप नाही, बीपी नॉर्मल. मावशी म्हणाल्या, वय झालं, विसरल्या असतील. ही मात्र ठाम: "चहाआधी रोज मागतात. आज मला ओळखलंही नाही." डॉक्टरांना बोलावलं, लघवी तपासली, इन्फेक्शन निघालं. म्हातारपणी इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नाही, कधी आधी भानच हरपतं. पुस्तकात हे सगळं आहे हो! पण कालच्या आजी माहीतच नसतील, तर आज त्या वेगळ्या वागतायत हे कळणार कसं? हॉस्पिटलात पेशंट चार दिवसांत डिस्चार्ज होतो, तिथे ही नजर तयार होत नाही.

बेडसोरचंही, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमांचंही, तेच. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे सगळ्यांना पाठ. पण जखमेची पहिली खूण म्हणजे लाली, आणि आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती पटकन दिसत नाही. माकडहाडाशी, टाचेशी हात लावून बघावं लागतं: आजूबाजूपेक्षा गरम आहे का, कडक लागतंय का. ते बोटांना कळायला रोज तीच पाठ पुसावी लागते.

"हे तर आयाचं काम," असं मुली म्हणतात तेव्हा वाईट वाटतं, पण दोष त्यांचा नाही. सोबत शिकवणारं कुणी नसेल तर ते नुसतं कामच उरतं. माणसं कमी पडतात म्हणून विद्यार्थिनींना डायपर बदलायला जुंपणं, याला मी ट्रेनिंग म्हणणार नाही. एका ठिकाणाहून मी याच कारणानं मुली परत आणल्या होत्या.

2011 च्या जनगणनेतच देशात साठीपुढची माणसं 10 कोटींवर होती. प्राचार्य मंडळींना हात जोडून विनंती आहे: सलग चार आठवडे द्या, प्रत्येकीला दोनच आजी-आजोबा द्या, आणि इन्स्ट्रक्टरला रोज तिथे थांबू द्या. नुसती सहीपुरती पाठवू नका.