जुनी स्प्लेंडर, वहीतला हिशोब अन् आमचे मिस्त्री

परवा साळा घरी आला होता. चहा यायच्या आधीच सुरू झाला, "भाऊजी, काहून त्या डब्ब्यावर पैसे घालून राहिले? जीएसटी कमी झाला, घेऊन टाका ना एक नवी." मी काही बोललो नाही, आत गेलो आन् वही आणून त्याच्यासमोर ठेवली. पोरीची आठवीतली भूगोलाची वही आहे, मागची पानं कोरी होती, त्यात एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ असा अख्ख्या वर्षाचा गाडीचा खर्च लिहिलेला आहे, पंक्चरचे ऐंशी रुपयेसुद्धा. त्याने दोन पानं चाळली आणि म्हणाला, "तुम्ही बँकेत पाहिजे होते." पण उत्तर काही त्याच्याकडे नव्हतं. खरं सांगू का, माझ्याकडेही नव्हतं. तो गेल्यावर मी रात्री वही घेऊन बसलो आणि जे निघालं ते लिहून राहिलो इथे, लांब होईल, ज्यांना वेळ आहे त्यांनीच वाचा.

गाडी म्हणजे २००९ च्या दसऱ्याला घेतलेली हिरो होंडा स्प्लेंडर प्लस. तेव्हा हिरो आन् होंडा एकत्र नांदत होते, टाकीवर अजून तीच नावं आहेत. एमएच ३१ पासिंग. माझं घर नागपुरात अंबाझरी लेआउटकडे, नोकरी हिंगणा एमआयडीसीत, वरून संध्याकाळची कामं, पोरीची ट्यूशन, सासुरवाडी. सगळं धरून वर्षाला दहा हजार किलोमीटर होतात.

आधी पेट्रोल. माझी गाडी आता लिटरला ५२ देते, टाकी फुल करून तीनदा मोजलं आहे. पेट्रोल त्या वर्षी आपल्याकडे १०४ च्या आसपास होतं, म्हणजे वर्षाचे वीस हजार. ऑफिसमधल्या एकाची नवी फ्युएल इंजेक्शनवाली ६५ देते असं तो शपथेवर सांगतो, तर त्याचे सोळा हजार होतात. फरक चार हजारांचा. महिन्याला साडेतीनशेसुद्धा नाही. लोक "मायलेज, मायलेज" करत नवी गाडी घेतात ना, त्यांनी हा आकडा एकदा कागदावर मांडावा.

मग गॅरेज. त्या वर्षी चारदा ऑइल, चेन सॉकेटचा सेट, मागचा टायर-ट्यूब, बॅटरी, दोन्हीकडचे ब्रेक शू, कोनसेट, क्लचची आणि ॲक्सिलेटरची केबल, तीनदा कार्बोरेटर (इंजिनसाठी पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) साफ, पाच पंक्चर. त्यात इन्शुरन्स आणि पीयूसी मिळवून साडेनऊ हजार. इन्शुरन्स थर्ड पार्टीच आहे, म्हणजे फक्त समोरच्याचं नुकसान भरणारा, या सीसीला त्या वर्षी ७१४ रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ८४३. आणि त्याच वर्षी पंधरा वर्षं पूर्ण झाली म्हणून आरसी रिन्यू करावी लागली. रिन्यूअलची फी १०००, पर्यावरण कर २०००, आणि नंतरची ती नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट ५३१, जिची शेवटची तारीख इतक्यांदा पुढे गेली की शेवटी मीच कंटाळून लावून आणली. आरसी पाच वर्षांसाठी झाली, म्हणजे वर्षाला सातशे. ज्यांच्या गाडीला पंधरा होत आले असतील त्यांनी तारीख चुकवू नका, उशिराला महिन्याचे तीनशे लागतात. आणि वीस वर्षांनंतर हीच फी दुप्पट, ते ऑगस्ट २०२५ मध्ये केलं.

तर एकूण झाले वर्षाचे तीस हजार दोनशे, त्यातले वीस हजार पेट्रोलचे.

आता नवी. सप्टेंबर २०२५ मध्ये साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला हे खरंच आहे, तरी रोड टॅक्स, पाच वर्षांचा थर्ड पार्टी (तो आता नव्या गाडीसोबत घ्यावाच लागतो), मॅटिंग, गार्ड, सीट कव्हर असं करत करत शोरूमवाल्यांनी मला जे कोटेशन दिलं ते नव्वद हजारांच्या घरात होतं. वीस भरा, सत्तरचं लोन. शोरूमचा पोरगा टाय लावून बसला होता, मोठ्या प्रेमाने म्हणाला, "सर, फक्त १० टक्के इंटरेस्ट." मी विचारलं फ्लॅट की रिड्युसिंग? तो कॅल्क्युलेटरकडे पाहायला लागला. फ्लॅटच होता. सत्तर हजारांवर तीन वर्षं दहा-दहा टक्के म्हणजे एकवीस हजार व्याज, हप्ता २५२८. पण गंमत अशी की तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडून राहिले आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण सत्तर हजारांवर लागून राहिलं. बँकेच्या भाषेत मांडलं तर हेच लोन जवळपास १८ टक्क्यांचं होतं. राजेहो, एवढं एक वाक्य जरी लक्षात ठेवलं तरी ही पोस्ट वाचल्याचं सार्थक आहे.

इथपर्यंत मी साळ्याला हरवलं असं मला वाटत होतं. पण रात्री बसलो तेव्हा लक्षात आलं की मी जरा लबाडी करून राहिलो आहे. कारण नव्या गाडीचे नव्वद हजार काही विहिरीत जात नाहीत, पाच वर्षांनी विकली तर चाळीसेक हजार येतातच. म्हणजे घट पन्नास हजारांची, वर व्याज एकवीस, झाले एकाहत्तर, वर्षाला चौदा हजार दोनशे. आणि नवीमुळे वाचणार काय, तर पेट्रोलचे चार हजार आणि गॅरेजचे साडेसहा हजार धरू, म्हणजे साडेदहा. फरक किती उरला? पावणेचार हजार. महिन्याचे तीनशे. एका रविवारच्या सावजी मटणाचा हिशोब! आणि समजा मी रोख घेतली, व्याजच नाही, तर माझी जुनी गाडी चक्क पाचशे रुपयांनी महाग पडते. हे पाहून मी वही बंद केली, पाणी पिलो, परत उघडली. तेच. अजून तर इंजिन खोललेलं नाही, ब्लॉक-पिस्टन आज ना उद्या करावंच लागणार, सकाळी स्टार्ट केली की निळा धूर दिसतो थोडा, म्हणजे ऑइल जळून राहिलं. ते सहा-सात हजारांचं काम एकदा आलं की जुनी गाडी परवडते म्हणायची सोयच नाही.

मग मी सोळा वर्षं कोणत्या तोंडाने सांगून राहिलो की जुनी स्वस्त पडते?

याचं उत्तर मला त्याच वहीत मिळालं. मी पार्ट आणि लेबर वेगवेगळे लिहिले होते. साडेनऊ हजारांत लेबर किती असेल, सांगा? सव्वाबाराशे रुपये. वर्षभराचं. कार्बोरेटर खोलून, जेट फुंकून, परत बसवून, ट्यूनिंग करून दीडशे, त्यात पेट्रोलने हात धुणं आलं. चेन सेट टाकायचे शंभर. मागे एकदा आमचे मिस्त्री, म्हणजे गाडी दुरुस्त करणारे काका, लग्नाला गावी गेले होते म्हणून मी एका मोठ्या चकाचक सर्व्हिस सेंटरला गेलो, तिथे त्याच कार्बोरेटरचे साडेपाचशे सांगितले आणि वर म्हणाले, सर एवढ्या जुन्या मॉडेलची गॅरंटी नाही देत. म्हणजे मी जी माझ्या गाडीची काटकसर म्हणून मिरवून राहिलो होतो ती गाडीची नव्हतीच, ती मिस्त्रीकाकांच्या हाताची होती, आणि त्या हाताला मी दीडशे रुपये देत होतो. तिथला रेट लावून हिशोब केला तर माझी स्प्लेंडर दोन वर्षांपूर्वीच भंगारात जायला पाहिजे होती.

काकांचं दुकान म्हणजे कडुलिंबाखाली एक टपरी, एक लाकडी पेटी आणि बसायला टायर. २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट आमच्या भागातले लोक कधीच विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी घराघरात. माझी गाडी टाकीपर्यंत बुडाली होती, शेजाऱ्यांची वर्षभराची नवी स्कूटर तिच्याच बाजूला. सकाळी काकांना फोन केला तर पहिलं वाक्य, "भाऊ, किक मारू नका बरं. हातच नका लावू तिले, मी येतो." गुडघाभर चिखलातून दुपारी आले. ऑइलचा बोल्ट काढला तर दुधाच्या कॉफीसारखं बाहेर आलं, पाणी मिसळलं की तसंच दिसते म्हणाले. हलकं ऑइल टाकून फिरवलं, काढलं, परत टाकलं, परत काढलं. प्लग वाळवला, कार्बोरेटरची वाटी रिकामी केली, गाडी मागच्या चाकावर उभी करून सायलेन्सरमधलं पाणी सांडलं, ड्रम खोलून ब्रेक शू घासले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टार्ट. १८५० रुपये, ऑइलसकट.

शेजाऱ्यांनी बिचाऱ्यांनी सकाळीच बटण दाबलं होतं. त्यांचा फुल इन्शुरन्स होता, पण सर्व्हेअर म्हणाला पाणी असताना स्टार्ट केल्यामुळे इंजिनचं जे झालं ते धरत नाही, त्याला वेगळं कव्हर लागतं. वायरिंग आणि इसीयूचे (गाडीच्या कॉम्प्युटरचे) पैसे मिळाले, इंजिनचे खिशातून गेले, दीड महिना गाडी नाही. आता यात नवी वाईट आणि जुनी चांगली असं मला म्हणायचं नाही. माझी तर थर्ड पार्टीच होती, मला कोणी एक रुपया दिला नसता. कार्बोरेटरवाली गाडी सोपी असते, आणि सोपी गाडी समजणारा माणूस फोनवर होता, एवढंच.

बायकोचा मुद्दा वेगळा आहे आणि तो मला खोडता येत नाही. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट इंजिनच्या वेगावर चालतो, रेस सोडली की लाइट पिवळा होऊन डोळे मिटल्यासारखा. हिंगणा रोडला रात्री ट्रक समोरून येत असतो, खड्डा दिसला म्हणून तुम्ही वेग कमी करता आणि नेमका तेव्हाच खड्डा दिसेनासा होतो. नवीत एक ब्रेक दाबला की दोन्ही लागतात, माझ्यात मागचा लागतो आणि पुढचा आठवण करून द्यावी लागते. ही किंमत वहीत कुठल्या रकान्यात लिहायची? मी ती लिहिलीच नव्हती. पोरगी तर सरळ म्हणते किकवाली गाडी मी चालवणार नाही, सेल्फ पाहिजे. आमचं मॉडेल किकचंच आहे.

आणि एक सध्याची डोकेदुखी, इथेनॉल. इथेनॉलचा विषय निघाला की नागपुरात माणूस दोन मिनिटांत गडकरींवर येतो, मी येत नाही, मी फक्त माझ्या पोर्चमधलं सांगतो. आता पंपावर वीस टक्के मिसळलेलंच मिळते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश शक्ती कमी असते त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच, ते एक वेळ चालते. पण जुन्या कार्बोरेटरमधले रबराचे भाग या पेट्रोलचा विचार करून बनलेले नाहीत. दोन महिन्यांपूर्वी सकाळी पोर्चमध्ये पेट्रोलचा वास, खाली ओलं. काकांनी वाटी खोलून फ्लोटची पिन दाखवली, टोकाचं रबर फुगून आलं होतं. म्हणाले, "रात्री पेट्रोलचा कॉक बंद करत जा, अन् चार दिवस गाडी उभी ठेवाची असन तं वाटी रिकामी करा." पिन टाकली. तेव्हापासून रोज रात्री गेट लावताना वाकून कॉक बंद करतो, जसं आई गॅसचं बटण बघते तसं.

तर माझं मत विचाराल तर असं आहे. ज्याच्याकडे नव्वद हजार रोख पडून आहेत आणि रोज रात्रीचा हायवे आहे, त्याने हिशोब न करता नवी घ्यावी. ज्याला फ्लॅट व्याजाचा हप्ता घ्यावा लागतो आणि ज्याच्या घराजवळ असा एक मिस्त्री आहे, त्याने चालवावी. पण मग त्या मिस्त्रीला दीडशे रुपये देऊन वर घासाघीस करू नये. काकांचा पोरगा कुरिअर कंपनीत लागला, तो पाना हातात घेत नाही, आणि का घ्यावा त्याने?

गेल्या रविवारी टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) वाजत होते म्हणून गेलो. काकांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडवर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत बसले, डॉक्टर छाती तपासतात तसे. मग फट मोजायच्या गेजची पाती काढली आणि माझ्यासमोर धरली. "भाऊ, आकडा वाचा जरा. मोतीबिंदू आला म्हणते डॉक्टर." मी वाचला. "हाव, तीच पाहिजे," म्हणाले. पाती त्यांनी बोटांनी आधीच बरोबर निवडली होती. सेटिंग झालं, आवाज गेला. लेबर विचारलं तर म्हणाले, द्या शंभर. मी दोनशेची नोट दिली आणि ठेवा म्हटलं. त्यांनी पेटीत हात घालून पन्नास परत केले.

वहीत दीडशे लिहिले.