‘१९६५ नंतरची स्ट्रॅट घेऊ नका’ हा सल्ला चुकीचा आहे

जुन्या गिटारींच्या बाजारात एक दावा सतत फिरत असतो: जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडरने आपली गिटार कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला विकली आणि तिथून फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) या इलेक्ट्रिक गिटारची रया गेली. आधीची ती अस्सल, नंतरची ती भंगार, आणि रीइश्यू (कंपनीनेच पुन्हा काढलेलं जुनं मॉडेल) म्हणजे नुसती नक्कल. यामुळे साध्या गिटारींना अवाच्या सवा भाव येतो आणि चांगल्या गिटारी नाकारल्या जातात.

‘विक्री झाली आणि सगळं बदललं.’ तसं झालं नाही. कारखाना फुलर्टनलाच राहिला, साठ्यातले सुटे भाग वापरले जात राहिले, लिओ स्वतः १९७० पर्यंत सल्लागार होता. सीबीएसच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही खुणा तर विक्रीच्या आधीच्या आहेत. रोजवूड लाकडाच्या जाड, सपाट फ्रेटबोर्डची (तारा दाबायच्या पट्टीची) जागा १९६२ मध्येच खालून वक्र असलेल्या पट्टीने घेतली. पट्टीवरच्या मातकट ठिपक्यांच्या जागी मोतिया ठिपके आले ते १९६४ च्या अखेरीस. मोठा हेडस्टॉक (तारांच्या खुंट्यांचं टोक) मात्र खरोखर सीबीएसच्या काळातला.

‘जुन्या गिटारींवर फक्त नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचं रंगकाम असायचं.’ लेक प्लॅसिड ब्लू हा साठच्या दशकातला लाडका रंग अ‍ॅक्रिलिक लॅकरचा होता. एवढं पुरे.

‘तीन स्क्रूंची नेक म्हणजे मालकांची कंजुषी.’ नेक, म्हणजे बॉडीला स्क्रूंनी जोडलेली गिटारची मान; हा मुद्दा सगळ्यांत जास्त उगाळला जातो. १९७१ च्या सुमारास चारऐवजी तीन स्क्रू आले आणि नेक न काढता तिचा कोन बदलण्याची सोयही आली. पुढे लिओने म्युझिक मॅन कंपनीची स्टिंगरे केली, नंतर जी अँड एल ही कंपनी काढली. तिथल्या सुरुवातीच्या वाद्यांवरही तीनच स्क्रू आहेत. रचना वाईट असती तर त्याने ती स्वतःच्या नव्या कंपन्यांत नेली नसती. खरा दोष कारागिरीत होता. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गिटारींमध्ये नेक बसायची खाच सैल कापलेली असते. बॉडी धरून हेडस्टॉक बाजूला हलकेच दाबा. नेक सरकली आणि पहिली तार फ्रेटबोर्डच्या कडेला गेली, तर ती गिटार ठेवून द्या. जागची हलली नाही, तर केवळ सालामुळे नाकारू नका. त्या काळातल्या अनेक गिटारी जड आहेत आणि पॉलिएस्टरचा थरही जाड आहे, हे मात्र मान्य करायलाच हवं.

‘मोठे वादक त्या वाजवत नाहीत.’ जिमी हेंड्रिक्सने १९६९ मध्ये वुडस्टॉक महोत्सवात वाजवलेली पांढरी स्ट्रॅट १९६८ ची होती. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅट १९६९ ची. तिच्यात त्याने वर्षानुवर्षे बदल केले, नेकसुद्धा अनेकदा बदलली, तरी २०१९ च्या लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले.

राहिली रीइश्यू. ५७ आणि ६२ सालच्या स्ट्रॅटच्या रीइश्यू १९८२ मध्ये आल्या, म्हणजे सीबीएस मालक असतानाच. फेंडर कंपनी सीबीएसच्या हातून गेली १९८५ मध्ये. तोकाईसारख्या जपानी कंपन्या जुन्या स्ट्रॅट फेंडरपेक्षा इमानाने बनवू लागल्या होत्या. यामाहातून फेंडरमध्ये आलेल्या बिल शुल्ट्झ आणि डॅन स्मिथ यांनी ते ओळखलं आणि जुन्या गिटारींचा बारकाईने अभ्यास करून उत्पादन सुरू केलं. ‘सीबीएसने वाट लावली’ म्हणणाऱ्यांनी फुलर्टनमध्ये बनलेली त्या वर्षांतली एखादी रीइश्यू जरूर वाजवून पाहावी.